वाळू चाळणारा गोबी घेताय? आधी या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पांढरीशुभ्र वाळू घातली की काही आठवड्यांतच तिच्यावर तपकिरी थर चढतो. मग कोणीतरी सांगतं, ‘एक डायमंड गोबी सोड, वाळू लखलखीत ठेवेल.’ मासा खरंच वाळू चाळतो. तोंडभर वाळू उचलतो, तोंडातल्या तोंडात घोळवतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. काचेजवळ डोळे नेऊन पाहिलं तर गालांच्या दोन्ही बाजूंनी वाळूची बारीक धार गळताना दिसते. पण तो हे आपल्या टाकीसाठी करत नाही. वाळूत लपलेले कोपेपॉड, अँफिपॉड असे इवलेसे कवचधारी जीव आणि बारीक कृमी त्याला हवे असतात. चाळणं हे त्याचं जेवण आहे. सफाई कामगार म्हणून आणलेला गोबी म्हणूनच अनेक घरांत हळूहळू उपाशी मरतो, आणि वाळू स्वच्छ दिसत असल्यामुळे कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

वाळूतच त्याचं पोट भरेल असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. घरच्या टाकीतल्या वाळूत जीव असतात तरी किती? गोबी दिवसभर चाळत राहतो आणि थोड्याच आठवड्यांत थर रिकामा करतो. त्यानंतरही तो चाळतच राहतो, फक्त हाती काही लागत नाही. टाकी सहा महिने तरी मुरलेली असावी आणि दोनशे लिटरपेक्षा लहान नसावी. तरीही वरून खाऊ घालावं लागतंच: दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), पोषक द्रव्यं मुरवलेलं ब्राइन श्रिंप, तळाशी बसणारे पेलेट. वर पसरलेलं खाणं टँग आणि क्लाउनफिशसारखे टाकीतले इतर मासे आधीच फस्त करतात, म्हणून पाच-दहा मिनिटं पंप बंद ठेवून लांब पिपेटने ते थेट वाळूवर, त्याच्या बिळापाशी सोडा.

तब्येत ओळखायची तर मासा समोरून पाहा. भरल्या अंगाच्या गोबीचं पोट छातीच्या परांमागे गोलसर असतं. तिथे खड्डा पडला असेल, पाठीची कड धारदार झाली असेल आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटत असेल, तर तो बरेच दिवस उपाशी आहे. असा मासा दुकानातून कीव येऊन उचलू नका. दुकानदाराला आपल्यासमोर खाऊ घालायला सांगा. फ्रोझन खाणं घेतलं तरच पैसे द्या. घरी आल्यावर नीट खात असूनही वाळत चालला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या आणि उपचार वेगळ्या टाकीत करा.

त्या वेगळ्या टाकीबद्दल एक गोष्ट. उघड्या काचेच्या तळावर हा मासा बिचकतो, म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि एका तसराळ्यात थोडी वाळू द्या. मात्र तांब्याचं औषध चालू असेल तर अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची) किंवा प्रवाळाची वाळू नको, ती तांबं शोषून घेते आणि औषधाची मात्रा कोलमडते. अशा वेळी सिलिका वाळू वापरा.

नुसतं नाव वाचून मासा घेणं

‘वॉचमन’ हे नाव दोघांना आहे. डायमंड वॉचमन म्हणजे आपला डायमंड गोबीच, व्हॅलेन्सिएनिया प्युएलॅरिस. नारिंगी ठिपक्यांचा, पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाणारा आणि पक्का चाळणारा. यलो वॉचमन म्हणजे क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस. तो पिस्तूल कोळंबीबरोबर बिळाच्या तोंडाशी बसून पहारा देतो, वाळू साफ करण्याच्या कामाचा नाही. गोड मासा आहे, पण अपेक्षा वेगळी ठेवून घ्या. सोनेरी डोक्याचा व्हॅलेन्सिएनिया स्ट्रिगाटा चाळता चाळता वर तरंगतो आणि वाळू अर्ध्या टाकीवर शिंपडतो. प्रवाळ ठेवणाऱ्यांना मी तो सुचवणार नाही. दोन डोळ्यांसारखे ठिपके मिरवणारा सिग्नल गोबी दिसायला मोहक, पण घरी जगवणं फारच अवघड. तो दुकानातच राहू द्या. अँब्लिगोबियस फॅलीना शेवाळही खातो, त्यामुळे त्याचं पोट भरणं त्या मानाने सोपं जातं.

संख्याही बघा. एकाच जातीचे दोन अनोळखी गोबी एकत्र सोडले तर मारामारी होते. जमलेली जोडी मिळाली तर उत्तम, नाहीतर एकटाच पुरे.

वाळू आणि दगड

एक ते दोन मिलिमीटर दाण्याची वाळू, पाचेक सेंटिमीटरचा थर. प्रवाळाचा जाड चुरा त्याला उचलता येत नाही आणि तोंड-कल्ले खरचटतात. पिठासारखी वाळू घेतली तर पाणी सतत गढूळ. आणि दगड कधीही वाळूवर रचू नका. गोबी दगडाखालीच बीळ करतो, पाया पोखरला की दगड घसरतो आणि तोच खाली सापडतो. दगड आधी काचेवर पक्के बसवायचे, वाळू नंतर ओतायची. पॉवरहेडही (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) तळापासून वर लावा.

वाळूवर ठेवलेले प्रवाळ त्याने पुन्हा पुन्हा झाकले तर मासा बदलण्यापेक्षा प्रवाळ वरच्या कपारीत हलवा. भारतात टाकी मांडणाऱ्यांनी इथे कायदाही लक्षात घ्यावा: दगडी प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री काकड्या 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. ‘गोबी नको, वाळूसाठी समुद्री काकडी देतो’ असं कोणी म्हणालं तर सरळ नकार द्या.

डागांचं कारण न शोधणं

नव्या टाकीतला तपकिरी थर बहुतेकदा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि त्याला सिलिकेट, म्हणजे पाण्यात विरघळलेली सिलिका लागते. दख्खनच्या काळ्या दगडातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच. आरओ-डीआयचं (आधी आरओ, मग क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनमधून गाळलेलं) पाणी वापरत असाल तरी डीआय रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तोवर शून्यच दाखवत असतो. लाल-जांभळी, बुडबुडे धरणारी चादर दिसली तर ते सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जीवाणू. नायट्रेट-फॉस्फेट तपासा, पाणी न हलणाऱ्या कोपऱ्यात प्रवाह वाढवा. गोबी या दोन्ही गोष्टी वाळूत कालवून नजरेआड करतो, मुळातून घालवत नाही.

झाकण नसणं, आणि मासा ‘गायब’ होणं

कोकणात खाजणाच्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच गोतावळ्यातली. टाकीतला गोबीही दचकला की उडतो, बहुधा रात्री दिवा अचानक लागला की. वर बारीक जाळी हवी, वायर आणि पाइप जातात त्या फटीही बंद हव्यात, ओव्हरफ्लोला (जिथून पाणी टाकीबाहेर वाहतं त्या खिडकीला) दाते हवेत. नवा मासा दिसेनासा झाला तर आधी टाकीमागची फरशी, मग ओव्हरफ्लो आणि संप (ते पाणी जिथे जमतं ती खालची टाकी) तपासा. तिथे नसेल तर तो बिळात आहे; कित्येक दिवस बाहेर न येणं त्याला नवं नाही. शोधण्यासाठी दगड उचलू नका, बीळ कोसळतं. नेहमीच्या वेळी त्याच जागी थोडं मायसिस सोडत राहा.

टाकी दोनशे लिटरच्या आतली असेल तर गोबीचा विचारच सोडा. नॅसॅरिअस शंख वाळूत पुरून राहतात आणि उरलेलं खाणं उचलतात, सेरिथ शंख वरचा थर खरवडतात, आणि पाणी बदलताना दर वेळी वाळूचा एकेक भाग सायफनने ओढला तर तळ पांढरा राहतो.