पार्किन्सनसाठी पाठीतल्या पाण्याची टेस्ट करायचीय?
आधी न्यूरोलॉजिस्टला सरळ विचारा की रिपोर्टने उपचार बदलणारेत का, कारण थरथर, मंदावलेली हालचाल स्पष्ट दिसत असेल तर निदान तपासूनच होतं, मग उगाच सुई कशाला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपवतात, कमरेत भूल देऊन पाणी काढतात. बोथट टोकाची बारीक सुई वापराल का विचारा, नंतर डोकं कमी दुखतं.
रिपोर्टमधे पार्किन्सनमधे मेंदूत साचणाऱ्या बिघडलेल्या प्रोटीनची टेस्ट, म्हणजे अल्फा-सायन्युक्लिन सीड अ‍ॅम्प्लिफिकेशन बघा. २०२३ च्या पीपीएमआय या पार्किन्सनवरच्या मोठ्या अभ्यासात पार्किन्सनच्या साधारण ८८ टक्के पेशंटमधे ही पॉझिटिव्ह आली, वास गेलेल्यांत तर जवळपास ९९, पण एलआरआरके२ या जीनमधे बिघाड असलेल्यांत बरीच कमी, म्हणजे निगेटिव्ह आली की सुटलो असं नाही हं. लुई बॉडी डिमेन्शिया या स्मृती-विचार बिघडवणाऱ्या आजारातही पॉझिटिव्ह येते.