चित्ररथात तुमची नजर कुणावर?

बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीत समोरून जाणारा चित्ररथ सगळ्यांसाठी एकच असतो, पण कुणाची नजर बाजीप्रभूंवर खिळते, कुणाची जिजाऊंवर, तर कुणाची मशाल धरून मागे उभ्या मावळ्यावर. स्वतःला ओळखायला ही ओढ फार उपयोगी आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग (१८७५-१९६१) यांनी मनातल्या अशा सर्वत्र आढळणाऱ्या साच्यांना आदिबंध म्हटलं: वीर, माता, ज्ञानी वृद्ध, खोडकर.

वहीत आपलं पात्र लिहा आणि या आठवड्यात त्याच्यासारखे कुठे वागलात तेही. नुसतं ‘वीर’ लिहून भागत नाही. ‘कन्नड अर्ज भरता न येणाऱ्या आजोबांसाठी कचेरीत तासभर थांबलो’ असं लिहा.

मग जे पात्र डोक्यात जातं ते घ्या. माझ्या मते खरं सापडतं ते इथेच. घरात सगळ्यांचं करणाऱ्या बाईला ‘मला जमणार नाही’ म्हणणारी जाऊबाई खटकते, तेव्हा तो नकार तिच्याही मनात दबलेला असू शकतो. युंग याला छाया म्हणत. तो नकार एकदा, छोट्याशा कामाला, देऊन पाहा.

आणि वही सहा महिन्यांनी परत उघडा; पात्र बदललेलं असलं तर बदलू द्या.