लेखनस्पर्धेत भाग घेताना : सोलापूरच्या सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी

शालेय लेखनस्पर्धांसाठी आलेल्या कथांचा गठ्ठा वाचायला घेतला, की त्यातल्या अनेक कथा म्हणजे कथेचे नाव दिलेले निबंध आहेत हे लवकरच लक्षात येते. सुरुवातीला प्रस्तावना, मध्ये मुद्दे, शेवटी तात्पर्य आणि अधूनमधून ‘निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली आहे’ या थाटाची वाक्ये. असे लेखन चुकीचे नसते. पण ते कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाने लिहिलेले असू शकते आणि परीक्षकाच्या मनातून ते याच कारणाने उतरते. स्पर्धेच्या तयारीतले एक मोठे काम म्हणजे नियम नीट वाचणे आणि दुसरे, अधिक अवघड काम म्हणजे निबंधाची सवय मोडणे.

स्पर्धा शोधण्यासाठी फार धावाधाव करावी लागत नाही. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ही लेखनस्पर्धांची नेहमीची निमित्ते आहेत. त्या सुमारास शाळेच्या सूचनाफलकावर, वाचनालयात आणि वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर लक्ष ठेवावे. सोलापूरकरांपुढची खास अडचण अशी, की जानेवारीचा पंधरवडा नेमका सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत येतो आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळणे फिरू लागल्यावर कोणाचेही मन वहीत रमत नाही. म्हणून विषय खुला असलेल्या स्पर्धेचा कच्चा खर्डा डिसेंबरातच लिहून ठेवावा.

टपाल खात्याच्या दोन स्पर्धाही माहीत असाव्यात. ‘ढाई आखर’ या पत्रलेखन स्पर्धेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा वेगळा गट असतो. आंतर्देशीय पत्रावर लिहिल्यास ५०० आणि पाकिटातून पाठवल्यास १००० शब्दांची मर्यादा असते आणि पत्र हातानेच लिहावे लागते. जागतिक टपाल संघाची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालू असून ती ९ ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. पत्र हा प्रकार सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याला कथेपेक्षा सोपा जातो, असे माझे मत आहे, कारण समोर कोणीतरी ऐकणारे आहे असे धरून लिहिले की भाषा आपोआप सरळ होते. दरवर्षीचा विषय, अंतिम तारीख आणि भाषेविषयीचा नियम मात्र त्या त्या वर्षीच्या पत्रकातच पाहावा.

नियमांचे पत्रक हाती आले, की ते पेन्सिल घेऊन वाचावे आणि चार-पाच ठिकाणी खुणा कराव्यात. वयाची अट कोणत्या तारखेला धरली आहे, हे पहिले पाहावे. इयत्तेची अट असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचा आणि शाळेच्या शिक्क्याचा बोनाफाईड दाखला लागू शकतो आणि तो मागितल्याबरोबर मिळेलच असे नाही. प्रवेशिका थेट पाठवायची की शाळेमार्फत, एका शाळेतून किती प्रवेशिका घेतल्या जातात आणि लेखनाच्या पानावर नाव लिहायचे की नाही, हेही तपासावे. अनेक स्पर्धांत परीक्षकांना लेखकाचे नाव कळू नये अशी व्यवस्था असते. तेथे पानाच्या कोपऱ्यात सवयीने लिहिलेले नाव आणि हजेरी क्रमांक एवढ्यावरूनही प्रवेशिका बाद होऊ शकते.

शब्दमर्यादा पाचशेची असेल तर पाचशे दहा शब्दांनी काय बिघडते, असा विचार करू नये. आपल्या अक्षरात एका पानावर किती शब्द बसतात हे एकदा मोजून ठेवले की पुढे अंदाज येतो. मराठीत शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे ‘घरासमोर’ किंवा ‘त्याच्याबरोबर’ हा एकच शब्द होतो. तो तोडून लिहिला तर शब्दसंख्या वाढते आणि शुद्धलेखनाची चूकही पदरात पडते.

आता लेखनाकडे येऊ. विषय दिलेला असो वा खुला, तुम्ही स्वतः पाहिलेले आणि इतरांनी सहसा न लिहिलेले असे त्यात काय आणता येईल, हा प्रश्न आधी वहीत लिहून त्याखाली दहा-बारा ओळी खरडाव्यात. सोलापुरात अशा गोष्टींचा तुटवडा नाही. पूर्व भागातल्या मुलाला यंत्रमागांच्या खटखटाटात झोप लागते आणि माग बंद पडले की जाग येते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत पाण्याच्या दिवशी घरातल्या कोणी कुठे जायचे नाही, असा अलिखित नियम असतो. यात्रेवर लिहायचे झाल्यास सगळी मिरवणूक वर्णन करण्याच्या भानगडीत पडू नये. मिरवणुकीत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्या काकांची बाराबंदी, म्हणजे त्यांचा पांढरा अंगरखा, आदल्या रात्री घरात सापडत नाही, एवढ्यावर चांगली कथा उभी राहते. उजनीच्या काठावरचे गाव, पंढरपूरला निघालेली दिंडी मुक्कामाला उतरते ती शाळा, हुरड्याच्या दिवसांतले शेत, हे सर्व आपल्याच जिल्ह्यातले आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. विडी वळणाऱ्या आईवर लिहिताना बहुतेक विद्यार्थी ‘माझी आई दिवसरात्र काबाडकष्ट करते, ती त्यागाची मूर्ती आहे’ असे लिहितात. त्याऐवजी हे पाहा : ‘आईने सूप मांडीवर घेतले. सहलीचे पैसे उद्यापर्यंत भरायचे आहेत, असे मी म्हणालो, तरी तिची मान वर झाली नाही; बोटे चालूच राहिली. मग तिने बंडले मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाली, परवा दिले तर चालतील का, विचार सरांना.’ या चार ओळींत कष्ट, गरिबी, माया यांपैकी एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला तिन्ही कळतात. पहिल्या खर्ड्यात जिथे जिथे भावनेचे नाव आले असेल, तिथे ते खोडून त्या वेळी माणसाने काय केले, काय म्हटले किंवा काय म्हणायचे टाळले, ते लिहावे. स्पर्धेसाठी एवढी एकच सुधारणा केली तरी लेखन पुष्कळ वर येते.

पाचशे शब्दांत एक प्रसंग, एक ठिकाण आणि दोन-तीन माणसे पुरतात. नायकाच्या जन्मापासून सुरुवात करून त्याला जिल्हाधिकारी करून सोडणाऱ्या कथा या लांबीत कोसळतात. प्रसंग काही तासांत घडणारा निवडावा आणि तो चालू झालेला असतानाच कथेत शिरावे. शेवटी तात्पर्य सांगू नये, आणि ‘तेवढ्यात आईने हाक मारली व मला जाग आली’ हा शेवट तर कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण परीक्षकाने तो असंख्य वेळा वाचलेला असतो. ‘रात्री अंधारात’ असे न लिहिता अंधारात काय दिसत नव्हते ते लिहावे, असेही मी सुचवेन.

आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा दखनी बोलून शाळेत मराठीत लिहिणारी मुले पुष्कळ आहेत आणि त्यांना आपली मराठी कमी पडते असे उगाचच वाटत असते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि माणसे जशी बोलतात तशी संवादात बोलू द्यावीत. आजीच्या तोंडी घरच्या भाषेतले एखादे वाक्य आले तर चालेल. मात्र पुढच्या कृतीवरून त्याचा अर्थ वाचकाला लागला पाहिजे. कंसात खुलासे देत बसल्यास कथेचा ओघ तुटतो.

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याने तपशील मोठ्यांकडून किंवा वाचनालयातून पडताळून घ्यावेत. सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागू झाला तो मे १९३० मध्ये, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात १९१० मध्ये जन्मले आणि १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. अशा थोर माणसांच्या तोंडी मोठी भाषणे घालण्यापेक्षा त्या दिवसांतल्या एखाद्या सामान्य मुलाच्या नजरेतून प्रसंग सांगणे सहावी-सातवीतल्या लेखकाला अधिक साधते.

खर्डा झाल्यावर तो दोन-तीन दिवस दूर ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेले असते. त्यानंतरच शुद्धलेखन पाहावे. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार सामान्यतः दीर्घ असतात, म्हणून ‘पाणी’, ‘वाळू’. ‘आणि’ हा शब्द मात्र अपवाद आहे आणि मुलांच्या लेखनात तो वारंवार चुकतो. शिक्षक किंवा पालकांनी चूक दाखवावी, वाक्य स्वतः लिहून देऊ नये. वडिलांची भाषा मुलाच्या कथेत शिरली की ती ओळखू येते आणि संशयाचा फायदा मिळत नाही. मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून कथा लिहून घेणे हेदेखील स्वतःचे लेखन नव्हे. स्वरचित असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर तुम्ही सही करता, हे ध्यानात ठेवावे. आपले सगळे खर्डे, खाडाखोडीसह, जपून ठेवल्यास शंका आली तर तेच पुरावा ठरतात.

हस्तलिखित पाठवायचे असेल तर पानाच्या एकाच बाजूस, समास सोडून, निळ्या किंवा काळ्या शाईने लिहावे आणि पानांना क्रमांक घालावेत. टंकलिखित मागितले असेल तर युनिकोड मराठीतच टाईप करावे, कारण दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांचा गोंधळ होतो. पीडीएफ करून ती दुसऱ्याच्या फोनवर एकदा उघडून पाहावी. बोलून टाईप करण्याची सोय वापरली असेल, तर विरामचिन्हे आणि नावे पुन्हा तपासावीत. टपालाने पाठवताना स्पीड पोस्टची पावती जपावी, आणि ‘अंतिम तारीख’ म्हणजे पाठवण्याची की पोहोचण्याची, हे पत्रकातूनच खात्री करून घ्यावे.

अर्जात संपर्कासाठी पालकांचा क्रमांक आणि ईमेल द्यावा. आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील मागणाऱ्या स्पर्धेची पालकांनी आधी चौकशी करावी. प्रवेशशुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा फसवी नसते. परंतु ‘तुमची निवड झाली आहे, संग्रहात छापण्यासाठी इतकी रक्कम भरा’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण तिथे पैसे भरणाऱ्या जवळजवळ सर्वांचीच निवड होत असते.

लेखनाच्या हक्कांविषयीचे कलम पालकांसोबत वाचावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सर्वसाधारणपणे लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो, वय कितीही असले तरी, आणि ती मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी द्यावी लागते. निवडक कथा छापण्याची परवानगी मागणे रास्त आहे. सर्व हक्क कायमचे मागितले असतील तर मोठ्यांनी विचार करूनच सही करावी.

निकाल लागेपर्यंत तीच कथा दुसऱ्या स्पर्धेला पाठवू नये, कारण पत्रकात सहसा ‘अप्रकाशित आणि अन्यत्र न पाठवलेले’ अशी अट असते. दरम्यान वाचन चालू ठेवावे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. निकालात नाव नसेल तर कथा पुन्हा वाचून, गरज असल्यास सुधारून, शाळेच्या हस्तलिखित अंकाला किंवा पुढच्या स्पर्धेला पाठवावी आणि पाठवण्याआधी त्या स्पर्धेची शब्दमर्यादा नव्याने पाहावी.