शेलच्या बिल्ट-इन कमांडसाठी स्वयंचलित चाचण्या लिहिताना

शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम; ज्या कमांड तो वेगळा प्रोग्राम न बोलावता स्वतःच पार पाडतो, त्या बिल्ट-इन. बिल्ट-इन कमांडची चाचणी लिहिताना तिचे आउटपुट तपासून भागत नाही. सीडी (चालू डिरेक्टरी बदलणारी), एक्स्पोर्ट (व्हेरिएबल चाइल्ड प्रोसेसना देणारी), अनसेट (व्हेरिएबल काढून टाकणारी), रीड (इनपुटची ओळ व्हेरिएबलमध्ये घेणारी) या कमांड शेलच्या आत असाव्या लागतात, कारण त्या शेलची स्वतःची स्थिती बदलतात. स्वतंत्र प्रोसेस म्हणून चाललेल्या प्रोग्रामला पालक प्रोसेसची (त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसची) चालू डिरेक्टरी किंवा तिची व्हेरिएबल बदलता येत नाहीत. त्यामुळे कमांड चालल्यावर त्याच शेलमध्ये नेमके काय बदलले, हे प्रत्येक चाचणीने विचारले पाहिजे.

प्रत्येक चाचणीसाठी शेलची नवी प्रोसेस सुरू करावी आणि ‘-सी’ या पर्यायाने तिला छोटी स्क्रिप्ट द्यावी. स्क्रिप्टमध्ये आधी तपासायची कमांड, लगेच तिचा एक्झिट स्टेटस (कमांड यशस्वी झाली की नाही हे सांगणारा अंक; यश म्हणजे 0) एखाद्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवणारी ओळ (पुढच्या कमांडने तो पुसला जातो) आणि शेवटी बदललेल्या स्थितीची पाहणी, असा क्रम ठेवावा. ही पाहणी शक्यतो शेलबाहेरच्या प्रोग्रामकडून करून घ्यावी. सीडीनंतर शेलचीच पीडब्ल्यूडी (चालू डिरेक्टरी छापणारी कमांड) चालवली, तर एका बिल्ट-इनची साक्ष दुसरी बिल्ट-इन देते आणि दोघी एकाच चुकीच्या नोंदीवर विसंबून असू शकतात; बाहेरची पीडब्ल्यूडी मोठ्या ‘-पी’सह चालवली, की सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइल वा डिरेक्टरीकडे बोट दाखवणारी नोंद) सोडवलेला खरा मार्ग मिळतो. एक्स्पोर्टच्या बाबतीत तर हे अपरिहार्यच आहे, कारण व्हेरिएबल त्याच शेलमध्ये इकोने छापून पाहिल्यास ते एक्स्पोर्ट न करताही दिसते. ते चाइल्ड प्रोसेसपर्यंत पोहोचले का, हे बाहेरची एन्व्ह कमांडच (स्वतःला मिळालेली व्हेरिएबल छापणारी) सांगेल.

पाइपपासून (एका कमांडचे आउटपुट दुसरीला इनपुट म्हणून देण्यापासून) जपावे. बॅश या शेलमध्ये पाइपलाइनचा प्रत्येक भाग सहसा सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालतो, म्हणून पाइपमधून रीडला दिलेले मूल्य पुढच्या ओळीत नाहीसे झालेले असते. झेडशेलमध्ये मात्र शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालतो आणि तीच चाचणी उत्तीर्ण होते. इनपुट फाइलमधून वळवून दिल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. जिथे इनपुट नको असेल तिथे रिकामे इनपुट म्हणून नल डिव्हाइस जोडावे आणि वेळेची मर्यादाही घालावी, अन्यथा एखादी कमांड इनपुटची वाट पाहत राहील आणि सगळा चाचणीसंच अडकून पडेल.

चाचणी चालवणाऱ्याचे एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला वारशाने मिळणारी व्हेरिएबल) आत झिरपू देऊ नये. सीडीपाथ (सीडीने डिरेक्टरी कुठे शोधावी याची यादी) हे व्हेरिएबल सेट असेल, तर सीडी कधीकधी अनपेक्षितपणे नवा मार्ग छापते. म्हणून एन्व्हायर्नमेंट रिकामे करून पाथ (कमांड शोधण्याच्या डिरेक्टरी), होम (वापरकर्त्याची डिरेक्टरी) आणि एलसी-ऑल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) एवढेच स्वतः द्यावे, शिवाय प्रत्येक चाचणीला वेगळी तात्पुरती डिरेक्टरी द्यावी. परवानगी नाकारली जाण्याची चाचणी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवली तर ती सहसा निरर्थक ठरते, कारण रूटला परवानग्यांचा अडसर नसतो. कंटेनरमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) प्रोग्राम बहुधा रूट म्हणून चालत असल्याने हे अनेकदा घडते, म्हणून अशी चाचणी रूटसाठी वगळावी.

आउटपुटची तुलना अक्षरशः करावी. कमांड सबस्टिट्यूशन (कमांडचे आउटपुट शेलमध्ये मूल्य म्हणून वापरणे) शेवटच्या सर्व नव्या ओळी गाळून टाकते, त्यामुळे इकोने शेवटी नवी ओळ छापली की नाही, हे त्या मार्गाने कधीच कळणार नाही. आउटपुट फाइलमध्ये लिहून सीएमपीने (दोन फाइल बाइट-बाइट ताडणाऱ्या कमांडने) तुलना करणे हा भरवशाचा उपाय आहे. त्रुटीचा प्रवाह वेगळ्या फाइलमध्ये घ्यावा, पण त्रुटीसंदेशाचा संपूर्ण मजकूर चाचणीत कोरून ठेवू नये. संदेश त्रुटीच्या प्रवाहातच आला आणि त्यात कमांडचे नाव आहे, एवढे माझ्या मते पुरे.

एक्झिट स्टेटसच्या बाबतीत शून्य आणि अशून्य एवढाच भेद न ठेवता, जिथे मूल्य ठरलेले आहे तिथे तेच तपासावे: कमांड सापडली नाही तर 127, सापडली पण चालवता आली नाही तर 126. एक्झिटला 256 दिल्यास बॅशमध्ये 0 मिळतो, कारण स्टेटस 8 बिटांचाच असतो. अशा सीमेवरच्या मूल्यांची चाचणी अवश्य असावी. एक्स्पोर्ट, सेट, अनसेट, शिफ्ट यांसारख्या ‘स्पेशल’ बिल्ट-इनचा गट वेगळा ठेवावा, कारण पॉसिक्सनुसार (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकानुसार) त्यांच्यातील काही चुकांमुळे स्क्रिप्ट चालवणारा शेल तिथेच थांबायला हवा. म्हणून अशी चूक मुद्दाम घडवणाऱ्या कमांडनंतर एक खुणेची ओळ छापणारी कमांड ठेवावी आणि ती ओळ आउटपुटमध्ये आलेली नाही, हे तपासावे.