निवडणूक गावची, नोकरी झेडपीची: या चुका टाळा

झेडपीचा शिक्षक, ग्रामसेवक, नगरपालिकेतला लिपिक यांना उमेदवार रोज चहाच्या टपरीवर भेटतो. त्यामुळे नियम मोडतो तो बहुतेकदा भिडेखातर. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1979 चे वर्तणूक नियम आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 चे, महापालिकांचे आपापले. गाभा सगळीकडे तोच: मत जरूर द्या, पक्षाचं सभासदत्व, वर्गणी आणि प्रचार यांपासून लांब राहा.

‘मी फक्त स्टेटस ठेवलं होतं’ हा खुलासा चालत नाही. 1979 च्या नियमांत अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजेच निवडणुकीत वजन वापरणं, असं स्पष्टीकरण आहे. मत कोणाला दिलं किंवा देणार, हे सूचित करायलाही मनाई आहे. म्हणजे शाई लावलेल्या बोटाचा फोटो ठीक, त्याखाली ‘यंदा आपलाच माणूस’ लिहिलं की अडकलात. असं झालं असेल तर पोस्ट काढाच, पण नोटीस आल्यावर ‘मोबाइल मुलाकडे होता’ अशी थाप मारू नका. स्क्रीनशॉट आधीच साहेबांच्या टेबलावर असतो. मुदतीत, थोडक्यात, खरा खुलासा द्या. कोणी न विचारता पक्षाच्या ग्रुपमध्ये टाकलं, तर लगेच बाहेर पडा आणि बाहेर पडल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

बायको सरपंचपदाला उभी आहे? ती उभी राहू शकते, तो तिचा हक्क. तुम्ही मात्र तिच्यासोबत दारोदार हिंडायचं नाही, पत्रकावर तुमचं नाव ‘गुरुजी’ लावून छापू द्यायचं नाही. निवडणुकीची ड्यूटी लागली असेल तर नातं आधीच लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती स्वतः उभं राहण्याची घाई. राजीनामा दिला म्हणजे नोकरी सुटली, असं होत नाही; तो मंजूर व्हावा लागतो. 2022 ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक आठवा. तिथल्या उमेदवार ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. सप्टेंबरमधला त्यांचा पहिला राजीनामा सशर्त म्हणून ग्राह्य धरला गेला नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरा दिला, नोटिशीऐवजी महिन्याचा पगारही भरला, तरी मंजुरीचं पत्र हाती येईना. अखेर 13 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने महापालिकेला दुसऱ्या दिवशी सकाळी 11 पर्यंत पत्र द्यायला सांगितलं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस तोच, 14 ऑक्टोबर! त्यांच्यामागे पक्ष होता, वकील होते. तालुक्याच्या कर्मचाऱ्याला ही धावपळ कुठली जमायला? ‘तिकीट मिळालं तर राजीनामा समजावा’ असं कधीही लिहू नका. बिनशर्त लिहा, आवक क्रमांक घ्या, येणं-देणं आणि चौकशी बाकी नाही ना ते आस्थापना शाखेत पाहा, आणि हे सगळं निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी उरका.

लोकसभा-विधानसभेला मित्राखातर मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी म्हणून बसण्याचा मोह काही सरकारी नोकरांना होतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 134अ मध्ये त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे.

आचारसंहितेत ग्रामसेवक हमखास फसतो तो कामांवरून. कार्यारंभ आदेश निघाला, पण जागेवर कुदळ पडलेली नाही, तर ते काम सुरू करता येत नाही. आधीच सुरू असलेलं चालू ठेवता येतं. मग आचारसंहिता लागल्यावर रातोरात खड्डे खणून जुनी तारीख टाकायचा आग्रह होतो. सदस्य कितीही जवळचा असो, नकार द्या. चालू कामांची यादी आणि तारखेसह फोटो आचारसंहिता लागल्या दिवशीच बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) पाठवून पोच घ्या, आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी त्याच्याशी जुळतात का ते अभियंत्यासोबत बसून तपासा.