मे महिन्यातली ती चव: हुर्राक घेताना आणि बनवताना

कॉलेजात असताना गोव्याला जाऊन आलेली मंडळी वीस वर्षांनी काजू फेणीची बाटली उघडतात, तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, 'पूर्वीसारखी राहिली नाही.' फेणी बिचारी तशीच आहे. सुट्टी मे महिन्यातली असेल, तर तेव्हा ग्लासात बहुधा हुर्राक होता, काजूचीच पण सौम्य, हंगामी दारू.

काजूच्या बोंडांचा रस दोन-तीन दिवस आंबवून भाटीवर, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीवर, चढवतात. 'पहिल्या धारेची' म्हणजे कडक, हा आपला समज इथे सोडून द्यावा. पहिल्या ऊर्ध्वपातनात निघतो तो सौम्य हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचा. तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की 42-45 टक्क्यांची फेणी उतरते.

हुर्राक फेब्रुवारीअखेर येतो आणि पावसाआधी संपतो. डिसेंबरात कुणी 'ताजा' म्हणून देऊ केला तर घेऊ नका, पाणी घातलेली फेणी असण्याचीच शक्यता जास्त. परवान्याच्या दुकानातून किंवा खात्रीच्या बारमधूनच घ्या. बाटली हलवून फेस बघण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यावरून फार तर कडकपणाचा अंदाज येतो. मिथेनॉल फेसावरून कळत नाही, वासावरूनही नाही. बहुतेकदा हुर्राक पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत हाती पडतो. तो लगेच काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा. अर्धी रिकामी बाटली बाहेर राहिली की काजूचा वास उडतो आणि मागे आंबूस पाणी उरतं.

आता ग्लास. उंच घ्या. हिरवी मिरची देठापासून टोकापर्यंत एकदाच चिरा आणि बिया झटकून टाका. बिया राहिल्या तर दुसऱ्या घोटापासून फक्त घसा जळतो. ग्लासात चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, मिरची आणि 60 मिली हुर्राक घालून ढवळा. मग बर्फ, आणि शेवटी कडेने 120 ते 150 मिली थंडगार लिम्का. लिम्का ओतल्यावर ढवळायचं नाही. मीठही आधीच घालायचं. मागाहून टाकलं तर सगळा फेस ग्लासाबाहेर. मिरची पाच मिनिटांनी काढली तरी चालते, तिचा हिरवा वास तोवर उतरलेला असतो. कोक मात्र नको, त्यात बोंडाची चव पार बुडते.

सोबत खारे काजू किंवा तळलेला बांगडा. रिकाम्या पोटी नको.

फसगत होते ती मोजमापात. गोड लागतो, उकाडा असतो, ग्लास भराभर रिकामे होतात. 90 मिली हुर्राक घातलेले तीन ग्लास म्हणजे सुमारे 40 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजेच व्हिस्कीचे तीन लहान पेग. वर भाड्याची स्कूटर दारात उभी असते. चावी आधीच दुसऱ्याकडे द्या.

फेणीच हवी असेल तर याच कृतीत 30 मिली पुरे. माडाची फेणी वेगळी, ती दक्षिण गोव्यात जास्त चालते आणि तिला बोंडाचा तो उग्र वास नसतो. काजूवाली घेतलीत तर दुसऱ्या दिवशी घामालाही वास येतो, सकाळी कामाची भेट ठेवू नका.

आणि डिकीत बाटल्या भरून निघण्याआधी एक लक्षात ठेवा: गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे.