भूमिगत पावसाळी टाकी बांधताना या चुका टाळा: आराखड्यापासून परवानग्यांपर्यंत

मैदानाखाली मोठी टाकी बांधायची, भरतीच्या वेळी सखल भागात तुंबणारे पाणी तिच्यात घ्यायचे आणि ओहोटी लागली की समुद्राकडे सोडायचे. मुंबईत परळच्या हिंदमाता परिसरासाठी हाच मार्ग निवडला गेला. उपाय चांगला आहे. पण आराखडा एका टेबलावर आणि परवानग्या दुसऱ्या टेबलावर तयार होत राहिल्या, तर निविदा निघण्याआधीच तो बिघडलेला असतो.

२४ तासांच्या पावसावर टाकीचा हिशेब

दिवसभरात २०० मिमी पाऊस पडला, एवढ्यावरून टाकी ठरत नाही. तोच पाऊस दिवसभर संथ पडला तर नाले तो वाहून नेतील; तीन तासांत कोसळला तर वस्ती पाण्यात जाईल. म्हणून १५ मिनिटांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्वयंचलित पर्जन्यमापकाचे आकडे घ्या. मुंबईच्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल निचरा आराखड्याने ताशी २५ ऐवजी ५० मिमी पाऊस धरला, पण तो दर नाल्यांसाठी आहे. टाकीसाठी पातमुखाचे, म्हणजे नाल्याचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या तोंडाचे, दार भरतीमुळे बंद राहते तो सगळा वेळ मोजावा लागतो.

समजा पाणलोट १२ हेक्टर आहे आणि अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा वाटा, ०.८ आहे. तासाला ५० मिमी पावसात ४,८०० घनमीटर, म्हणजे ४८ लाख लिटर पाणी येते. दार तीन तास बंद आणि पाऊस अनुक्रमे ५०, ३० व २० मिमी, तर साठा ९,६०० घनमीटर लागतो. बहुतेक अहवाल इथेच थांबतात. खरा प्रश्न टाकी रिकामी करण्याचा आहे. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास असतात. त्यातले सहा तास उपशाला मिळाले तर ताशी १,६०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४५ लिटर उपसावे लागतात. पुढचा नाला एवढे पाणी घेतो का, हे तपासले नाही तर दुसऱ्या भरतीला टाकी अर्धी भरलेलीच असते.

पातळ्यांची सरमिसळ

भरतीच्या तक्त्यातली ४.५ मीटर उंची चार्ट डेटमपासूनची, म्हणजे सागरी नकाशांच्या ओहोटीजवळच्या आधारपातळीपासूनची, असते. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी त्याहून साधारण अडीच मीटर वर आहे. शहरातले अनेक जुने नकाशे टाउन हॉल डेटम या जुन्या स्थानिक आधारपातळीवर आहेत, नवे सर्वेक्षण समुद्रसपाटीवर. या तीन आधारपातळ्या एकाच उभ्या छेदात मिसळल्या की पातमुख कागदावर कोरडे आणि जागेवर बुडालेले निघते. पहिल्याच नकाशावर आधारपातळी लिहा आणि पातमुखाची तळपातळी जागेवर जाऊन मोजा.

टाकी तरंगू शकते, हे विसरणे

४० × ४० मीटरची, ६ मीटर खोल टाकी घ्या. पावसाळ्यात भूजल तळाच्या ५ मीटर वर आले, तर तळावर दर चौरस मीटरला ५ टन उचल येते, एकूण ८,००० टन. वजनही दर चौरस मीटरला मोजा: तळाची ०.६ मीटर जाड फरशी १.५ टन, छत ०.४ मीटरचे १ टन, वर एक मीटर माती १.८ टन आणि भिंतींचा वाटा सुमारे ०.७५ टन धरला, तरी बेरीज जेमतेम ५.०५ टन होते. सुरक्षितता गुणांक किमान १.२ हवा, म्हणजे ६ टन. फरक भरून काढायला तळाची फरशी भिंतीबाहेर काढून तिच्यावर माती चढवा किंवा खडकात अँकर घ्या.

याहून मोठा धोका बांधकाम चालू असताना असतो. छत आणि माती नसलेल्या टाकीचे वजन दर चौरस मीटरला सव्वादोन टनांच्या आसपास असते. मे महिन्याच्या शेवटी काम अर्धवट ठेवून उपसा पंप हलवले, तर पहिल्या मोठ्या पावसात टाकी उचलली जाते. माती चढेपर्यंत बाहेरचा उपसा, जनरेटरसह, चालू ठेवणे निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहा.

नाल्यात सांडपाणी आहे का, हे न पाहणे

फेब्रुवारी ते मे दरम्यान मॅनहोल उघडून पाहा. पाऊस नसताना पाणी वाहत असेल तर ते बहुधा सांडपाणी आहे. अमोनिया आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्मची चाचणी करून जोडण्या शोधा आणि तो प्रवाह टाकीच्या आधीच मलवाहिनीकडे वळवा. नाहीतर मैदानाखाली दुर्गंधी आणि विषारी वायू साचतात.

या पाण्याचे भूजल पुनर्भरण करण्याचा मोहही इथेच आवरावा. रस्त्यावरचे तेलकट पाणी थेट विंधनविहिरीत सोडणे म्हणजे भूजल खराब करणे. बेसॉल्टमध्ये पाणी भेगा असतील तिथेच मुरते. जागेवर शोषणचाचणी घेतल्याशिवाय आकडा लिहू नका.

‘टाकी सीआरझेडबाहेर आहे, मग परवानगी कशाला?’

टाकी सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, बाहेर असली तरी तिची वाहिनी आणि पातमुख खाडीवर असते, आणि प्रकल्प एकच मानला जातो. मंजूर किनारपट्टी व्यवस्थापन नकाशावर, १:४,००० प्रमाणात, संपूर्ण वाहिनी दाखवूनच अर्ज करा. वाटेत कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते क्षेत्र अधिसूचित वन असेल तर वनखात्याचीही. त्यामुळे वाहिनीचा मार्ग ५० मीटर सरकवून कांदळवन टळते का, हे आधी पाहा. तेवढ्याने अनेक महिने वाचू शकतात.

नदीकाठच्या शहरात जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. झाडांची यादी करताना प्रत्येकाचे वय लिहा, कारण ५० वर्षांवरील झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरते. खोदलेला मुरूमही विसरू नका. वरच्या ४० × ४० मीटर टाकीसाठी ८ मीटर खोदले तर १२,८०० घनमीटर खोदाई होते, म्हणजे साडेचार हजार ब्रासहून जास्त (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तो बाहेर नेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज शाखेकडे जा.

गाळ काढायला माणूस उतरवणे

टाकीत गाळ साचणारच. तळाला पंपखड्ड्याकडे किमान १:१०० उतार द्या, प्रवेशाशी गाळकप्पा ठेवा आणि छतात छोटा लोडर क्रेनने उतरेल एवढे उघडणारे झाकण करा. ६०० मिमीचे गोल झाकण दाखवून नकाशा मंजूर झाला, तर पुढे माणसालाच आत उतरवले जाते, आणि अशा बंद जागेत जीव जातात. हवा खेळवणाऱ्या नळ्या आणि वायूमापकाची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच धरा.